कॅमेरा हातात, बडी नजरेत: पाण्याखालच्या फोटोग्राफीची सुरुवात

पाण्याखाली फोटो काढायचे असतील, तर सुरुवातीच्या वीस-पंचवीस डाइव्ह कॅमेरा घरी ठेवून कराव्यात, हे आमचं स्पष्ट मत. ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं, कार्ड मिळालं की लगेच हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच) विकत घ्यायची घाई होते. त्या कार्डाचा अर्थ एवढाच, की तुम्ही बडीसोबत (डाइव्हमधला जोडीदार) १८ मीटरपर्यंत स्वतःला सांभाळू शकता, आणि तेही दोन्ही हात मोकळे असताना. कॅमेरा आला की एक हात गेला, मोठं हाउसिंग असेल तर दोन्ही. बीसीडीत (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) हवा भरायची, गेज (उरलेली हवा दाखवणारा मीटर) उचलून बघायचा, मास्कमधलं पाणी काढायचं ते याच हातांनी.

तयारी झाली की नाही हे तपासायला तीन गोष्टी पुरेत. ५ मीटरवर कशालाही न धरता, हात न हलवता तीन मिनिटं एका पातळीवर थांबता येतं का? तसंच थांबून मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढता येतं का? आणि गाळ न उठवता, फिन्स वर ठेवून, बेडकासारखी किक मारत पुढे सरकता येतं का? तिन्ही जमेपर्यंत कॅमेऱ्याचा विचार नको. मालवणला पर्यटकांना प्रशिक्षक धरून खाली नेतात आणि फोटोही काढून देतात, तो प्रकार वेगळा. स्वतः फोटो काढायचे तर रीतसर प्रशिक्षण हवं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, अंदमानात स्वराज द्वीपवर अनेक शाळा आहेत.

आता जोडीचं. दोन फोटोग्राफर एकमेकांचे बडी, ही सगळ्यात वाईट जोडी. दोघांच्याही नजरा स्क्रीनवर, दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय. नवख्यांनी एका जोडीत एकच कॅमेरा ठेवावा. दोघांनाही हौस असेल तर पहिली डाइव्ह एकाची, दुसरी दुसऱ्याची. ज्याच्या हातात कॅमेरा नाही तो रिकामा नसतो. खोली, वेळ, हवा आणि परतीची दिशा हे सगळं त्याच्याकडे असतं. कॅमेरावाल्यानेही आपला गेज बघायचाच, पण त्याचं भान सुटेल हे गृहीत धरूनच आखणी करायची.

बोटीवर सामान चढवण्याआधी पाच मिनिटं बसून बोला. कमाल खोली किती, किती हवा उरली की परत वळायचं, एका विषयावर जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं (आम्ही तीन मिनिटं सुचवतो), आणि बडीने ‘पुरे’ अशी खूण केली की वाद न घालता निघायचं. मग एकमेकांचं बीसीडी, वजनं, बकल आणि हवा तपासा. बडीचा ऑक्टोपस (दुसऱ्याला हवा द्यायचा जादा रेग्युलेटर) कुठे लटकतोय हे हात लावून बघा. कॅमेरा या सगळ्यानंतर, पाण्यात उतरल्यावर बोटीवरून मागून घ्यायचा. तो हातात धरून उडी मारू नये.

वळायच्या हवेचा हिशोब स्वतः करून बघण्यासारखा आहे. पृष्ठभागावर दाब १ बार, तर २० मीटरवर ३ बार असतो. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ३० लिटर हवा ओढतो असं धरा. एकाची हवा संपली आणि दोघं एकाच सिलिंडरवर आले, तर तळाशी सावरायला लागणाऱ्या एका मिनिटात १८० लिटर जातात. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने वर यायला सव्वादोन मिनिटं, सरासरी २ बार दाबाने, म्हणजे आणखी सुमारे २७० लिटर. वर येताना ५ मीटरवर घ्यायच्या तीन मिनिटांच्या सुरक्षा थांब्याला (तिथे दाब दीड बार) पुन्हा २७०. एकूण ७२० लिटर. नेहमीच्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमध्ये हे साधारण ६५ बार होतात. म्हणून ‘५० बार उरले की वर’ हा सांगीव नियम २० मीटरवर फोटो काढत बसलेल्या जोडीला पुरत नाही. दोघांपैकी कोणाचाही गेज १०० वर आला की वळा, आणि तो ७० वर येण्याआधी तळ सोडलेला असू द्या.

प्रत्यक्ष फोटो कसा घ्यायचा ते बघू. समजा खडकावर न्युडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय) दिसला. बडीला खूण करा, त्याचा ओके येऊ द्या, गेज बघा. सेटिंग दूरूनच लावून घ्या. स्ट्रोबसह (पाण्याखालचा फ्लॅश) जवळचा फोटो असेल तर आयएसओ २००, एफ/१६, शटर १/१६० हे सुरुवातीला चालतं. मग पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध तोंड करून हळू पुढे सरका, कारण ओढीसोबत गेलात तर खडकावर आदळाल. बडीने मागे थांबू नये. मास्कमधून मागचं काहीच दिसत नाही. त्याने तुमच्या खांद्याच्या बाजूला, हातभर ते दोन मीटरवर, पण ओढीच्या खालच्या अंगाला राहावं. तिथे त्याच्या फिन्सने उठलेला गाळ फ्रेममध्ये येत नाही, आणि मान वळवली की तो दिसतो. तीन-चार फ्रेम, मग डोळा काढून आधी बडी, नंतर गेज. फोटो चांगला आला का हे बघणं तिसऱ्या क्रमांकावर.

इथेच एक घातक सवय लागते. बुडबुड्यांनी मासा बुजेल म्हणून श्वास रोखला जातो. भरलेल्या फुफ्फुसांनी शरीर वर सरकतं, आणि नजर मॅक्रो (अगदी जवळून टिपायच्या) विषयावर असेल तर ते कळतही नाही. रोखलेल्या श्वासाने एक-दोन मीटर वर जाणंही फुफ्फुसाला इजा करू शकतं. शिवाय कार्बन डायऑक्साइड साठून डोकं दुखतं आणि धाप लागते. श्वास हळू आणि लांब घ्या, शटर उच्छ्वासाच्या शेवटी दाबा, पण श्वास थांबवू नका. वर पोहणाऱ्या माशामागे कॅमेरा वळवत गेलं तरी खोली अशीच हातची जाते. बडीने अशा वेळी टॉर्च आडवा जोरात हलवायचा, ही ठरलेली खूण.

आपल्या किनाऱ्यावर पाणी बहुधा गढूळ असतं. मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ चार-पाच मीटर दिसलं तरी समाधान मानावं. अशा पाण्यात बडी हातभर अंतरावरच हवा. तो दिसेनासा झाला तर एक मिनिट जागच्या जागी फिरून शोधा, वर-खालीही बघा, मग नेहमीच्या वेगाने वर या आणि पृष्ठभागावर भेटा. ‘एवढा फोटो काढून मग शोधतो’ हे चालणार नाही. गढूळ पाण्यात स्ट्रोबचा प्रकाश समोरच्या कणांवर आपटून फोटोवर पांढरे ठिपके उमटतात. त्यासाठी स्ट्रोब लेन्सपासून दोन्ही बाजूंना लांब आणि किंचित मागे घ्या, बाहेरच्या दिशेने वळवा. विषयापासून अंतर जितकं कमी तितकं बरं. लाल रंग तर पाच-सात मीटरवरच जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा दूरून झूम करण्यात अर्थ नाही.

कॅमेरा कायम लवचीक दोरीने बीसीडीच्या डी-रिंगला (सामान अडकवायची धातूची कडी) अडकवा, पण क्लिप एका हाताने सुटणारी असावी. मनगटाला गाठ मारू नका, गळ्यात तर कधीच घालू नका. बडीला हवा द्यायची वेळ आली तर कॅमेरा सोडून दिला पाहिजे, मग तो कितीही किमती असो. हाउसिंग पाण्यात जड असेल तर ते सोडताच तुम्ही हलके होऊन वर जाऊ लागाल. म्हणून उथळ पाण्यात एकदा मुद्दाम सोडून, बीसीडीतली हवा काढत सावरायचा सराव करा. हाउसिंगला फ्लोट लावून तो फरक कमी करता येतो.

हाउसिंगचा दगा बहुतेक वेळा ओ-रिंगमुळे (झाकणाच्या खाचेतली रबरी रिंग) होतो. एक केस किंवा वाळूचा कण पुरतो. रिंग बोटांनी काढा (टोकदार वस्तूने नाही), खाच आणि रिंग पुसा, सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल इतकंच. कोकणातल्या दमट हवेत बोटीवर हाउसिंग उघडून बंद केलं, तर खाली गार पाण्यात काचेवर आतून धुकं धरतं. आदल्या रात्री एसी खोलीत सिलिका जेल टाकून बंद करा, आणि सकाळी उन्हात ठेवू नका. आत धुकं किंवा थेंब दिसला तर डाइव्ह सोडून वर पळू नका. लेन्स खाली करून धरा, बडीला दाखवा, नेहमीच्या वेगाने थांबा घेत या.

फोटोसाठी प्रवाळावर हात टेकणं, समुद्रघोडा काडीने वळवणं हे तर करायचंच नाही. दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

वर आल्यावर हाउसिंग बंद असतानाच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा, बटणं दाबत राहा. तेवढ्या वेळात बडीशी बोला: किती वेळा तुमची वाट बघावी लागली, कुठल्या खुणेला उत्तर मिळालं नाही, दोघांची हवा किती उरली. ही नोंद लॉगबुकात फोटोच्या सेटिंगशेजारीच लिहा आणि पुढची डाइव्ह तिच्यावरून आखा.