तुरुंगात काम करायचंय? आधी जामीनदार शोधायला शिका

एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, आलेली नवीन मुलं फील्डवर्कच्या पहिल्या आठवड्यात हमखास सांगतात, "मला कैद्यांचं समुपदेशन करायचंय." इच्छा चांगली आहे. पण मुंबई-ठाण्याच्या कारागृहांत काही वर्षं घालवल्यावर माझं मत झालंय की या कामात येणाऱ्याने आधी रेशनकार्ड, भाडेपावती आणि जामीनदार यांच्याशी ओळख करून घ्यावी. समुपदेशन त्यामागून येतं, आणि बऱ्याचदा त्याच धावपळीत होऊनही जातं.

2022च्या अखेरीस देशभरातल्या कारागृहांत साधारण 5 लाख 73 हजार बंदी होते. त्यातले जवळपास 4 लाख 34 हजार न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. तुम्ही ज्यांचं 'पुनर्वसन' करायला जाणार, त्यातले बहुतेक कायद्याच्या नजरेत निर्दोष आहेत. म्हणून "तू हे केलंस का?" हा प्रश्न विचारू नका. उत्तराचा तुम्हाला उपयोग नाही, आणि शेजारी बसलेले दहा जण कान टवकारून ऐकत असतात.

त्याऐवजी विचारा, घरी कळलंय का? अटक होते तेव्हा मोबाइल मुद्देमालात जातो आणि त्यासोबत सगळे नंबरही. कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्या एका मुलाला आईचा नंबर आठवत नव्हता, पण गावातल्या किराणा दुकानदाराचं नाव पाठ होतं. तेवढ्यावरून गाव सापडलं, शाळा सापडली, शाळेतल्या शिपायाने आईला फोनवर आणलं. मोबाइल चोरीच्या आरोपात त्याला जामीन केव्हाच मंजूर झाला होता. आत होता तो केवळ जामीनदार नव्हता म्हणून. मुंबईत ओळखीचा माणूस ठेकेदार, आणि ठेकेदार कोर्टाची पायरी चढायला तयार नाही.

हे दुखणं जुनंच. 1978 साली मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार मानायला खालच्या कोर्टाने नकार दिला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो नकार चुकीचा ठरवला. निकाल पाठ करा, पण एवढी वर्षं उलटूनही स्थानिक जामीनदार मागितला जातो, हेही लक्षात असू द्या.

हाताशी साधनं आहेत. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या यंत्रणेला, कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023ला सांगितलं. गरीब बंद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी) अशा कायद्यांखालच्या आरोपींना मात्र नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 479 आधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामिनाचा हक्क देतं. जन्मठेप किंवा फाशी असलेले गुन्हे त्यात येत नाहीत, आणि ज्याच्यावर एकाहून जास्त केसेस आहेत तोही येत नाही. ही शेवटची अट फार नडते, कारण छोट्या चोरीत सापडलेल्या मुलावर बहुधा दोन-तीन केसेस असतातच. हे सगळं लागू करायला कोणीतरी बराकीत बसून यादी करावी लागते. ते तुमचं काम.

गेटवरच्या हवालदाराशी नीट वागा. पंधरा वर्षं तिथे उभा राहिलेला माणूस तुम्हाला सांगतो की अमुक बराकीतला मुलगा दोन दिवस जेवलेला नाही. चिठ्ठी बाहेर नेऊ नका, कोणाचीही, कितीही रडला तरी. एकाने नेली की संस्थेचा सगळा प्रवेश बंद होतो, आणि त्यात चूक काही नाही.

सुटका बहुधा संध्याकाळी होते. पायात चप्पल, हातात पिशवी, खिशात पैसे नाहीत, मोबाइल पोलिसांकडे. त्या रात्री तो कुठे झोपणार हे आधी ठरलेलं नसेल, तर ज्या टोळक्यासोबत पकडला गेला तेच टोळकं त्याची सोय करतं. माझ्या मते पुनर्वसन नावाचा जो काही प्रकार आहे, त्यातला निम्मा या पहिल्या रात्रीत ठरतो. तिकिटाचे पैसे, घरी आधी केलेला फोन, दुसऱ्या दिवशी भेटायची जागा. बस्स.

शिक्षा झालेल्यांचं काम वेगळं असतं, तेही बघून या. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरचं खुलं कारागृह 1939 साली औंध संस्थानात सुरू झालं; तिथे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. येरवड्यात 2022पासून राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना आहे, आतल्या मजुरीच्या भरवशावर 50 हजारांपर्यंत कर्ज. त्यातून घरच्यांचं औषधपाणी, मुलांच्या फिया भागतात.

पण मला विचाराल तर नवोदितांनी परिविक्षेकडे वळावं. 1958चा परिविक्षा कायदा दोषी ठरलेल्यालाही तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर, म्हणजे हमीपत्रावर, सोडायची मुभा देतो. गुन्हा जन्मठेपेचा नसताना एकवीस वर्षांखालच्या दोषी ठरलेल्याला तुरुंगात पाठवायचंच असेल, तर न्यायालयाला परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कारणं लिहावी लागतात. वकीलच हा कायदा कमी वापरतात. त्या अहवालात "स्वभावाने चांगला आहे" असलं काही लिहू नका. तो कुठे राहतो, भाडं कोण भरतं, कोणाकडे कामाला जाईल आणि त्या मालकाशी तुम्ही स्वतः बोललात का, व्यसन आहे का, फिर्यादीची भरपाई द्यायची तयारी आहे का, एवढं दोन पानांत बसवा. परिविक्षा अधिकाऱ्यांचं खातं म्हणजे महिला व बालविकास. भरती निघायची वाट बघत बसण्यापेक्षा तुमच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला गाठा आणि गृहभेटींना सोबत येऊ का, म्हणून विचारा. त्यांच्यावर कामाचा बोजा एवढा असतो की सहसा नाही म्हणत नाहीत.