‘हलकं पाणी’ दारात आलं तर

मेव्हण्यांच्या लिव्हरला गाठ निघाली आणि आठव्या दिवशी खानापूरच्या घरी एकजण पाण्याचा बॉक्स घेऊन हजर. “ड्युटेरियम कमी केलेलं पाणी आहे सर, लिव्हरचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस उतरतोय.” ड्युटेरियम म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ; तो कमी केला की पाणी ‘हलकं’. आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंचा पेशींवर येणारा ताण. हायस्कुलात आयुष्यभर विज्ञान शिकवलेला मी, पण बहिणीचं तोंड बघून मलाही वाटलं, घेऊन टाकावं. तुमच्याकडं असा कुणी आला तर पैसे काढायच्या आधी एवढं करा.

बाटलीवर पीपीएमचा आकडा शोधा. साध्या पाण्यात, मलप्रभेचं असो की राकसकोपचं, हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागं साधारण 150 ड्युटेरियमचे असतात, म्हणजे 150 पीपीएम. विकतचं पाणी बहुधा 25 ते 125 चं. आकडाच नसेल तर बोलणं तिथंच संपलं. असला तरी तो घरी तपासता येत नाही. आमच्या पाहुण्यानं टीडीएस मीटर बुडवून “बघा, फक्त 6!” केलं. अहो, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार; इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणीही तेवढंच दाखवील. ड्युटेरियम मोजायला मास स्पेक्ट्रोमीटरसारखं यंत्र लागतं. आणि घरी आरओ लावून किंवा उकळून ते निघत नाही. कैगाच्या अणुभट्टीत असतं ते जड पाणी, ज्यात जवळजवळ सगळा हायड्रोजन ड्युटेरियमच असतो, तेसुद्धा 101.4 अंशाला उकळतं, म्हणजे फरक जेमतेम दीड अंशाचा.

मग कागद घ्या. पेशंटच्या पोटात दिवसाला तीन लिटर पाणी जातं समजा. त्यातलं एक लिटर 100 पीपीएमचं विकतचं, उरलेलं दोन लिटर चहा, आमटी, भात, भाजीतून 150 चं. सरासरी आली 133. तीही शरीरातलं सगळं पाणी बदलल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी. हा हिशेब मांडल्यावर पाहुणा घड्याळ बघायला लागला.

“कुणावर तपासलंय?” हेही विचारा. 1993 मध्ये हंगेरीच्या गाबोर शोम्लाई यांनी यावर निबंध छापला, तेव्हापासून प्रयोग चाललेत. पण ते बहुतेक पेशींवर आणि उंदरांवर. माणसांवरचे थोडे आणि लहान. गंमत म्हणजे 2019 च्या एका प्रयोगात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींत या पाण्यानं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला दिसला. विकणारा म्हणतो, उतरतो! उंदराच्या लिव्हरमधला एखादा आकडा सुधारणं वेगळं, माणसाची गाठ विरघळणं वेगळं.

तरीही घरचे ऐकत नसतील तर बाटली डॉक्टरांसमोर ठेवा, लपवून पाजू नका. लिव्हरच्या पेशंटच्या पोटात पाणी साठलं असेल आणि सोडियम उतरलेलं असेल, तर साधं पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगतात. या पाण्याच्या भरवशावर औषध किंवा तारीख तर अजिबात चुकवायची नाही.

आम्ही बॉक्स परत केला. बहीण रुसली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर शेंगदाण्याचं पोतं उपडं केलं. बुरशी धरलेल्या शेंगांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, ते लिव्हरच्या पेशींवर हाच ताण आणतं, कॅन्सरही करतं आणि भाजून पुरतं जात नाही. आपल्याकडं शेंगाची चटणी रोज ताटात. काळे, सुरकुतलेले, कडवट दाणे बाजूला काढा. ते गुरांनाही घालू नका, विष दुधातून परत येतं. घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी करून घ्या, ज्यांना झालेला नाही त्यांना लस द्या. दारूचं मी काय सांगणार, मेव्हण्यांना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

आता दाणे निवडायला बहीण मलाच बसवते.