डीव्हीडी रायटर आणि कोऱ्या डिस्क घेताना या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या डीव्हीडी आज अनेक घरांत उघडत नाहीत. मग 'सीडी-डीव्हीडी टिकतच नाहीत' म्हणून सगळा डेटा एकाच हार्ड डिस्कवर जातो, आणि ती हातातून पडली की सगळंच जातं. डिस्कच्या बाजूने दोन गोष्टी आजही ठाम सांगता येतात. एकदाच लिहिता येणारी डिस्क कुठलंही रॅन्समवेअर, म्हणजे डेटा ओलीस धरणारा व्हायरस, पुसू शकत नाही. आणि ड्राइव्ह बिघडला तरी डेटा जागेवर असतो, दुसरा ड्राइव्ह आणला की काम होतं. लवकर गेलेल्या डिस्कच्या मागे पुष्कळदा खरेदीच्या किंवा लिहिण्याच्या वेळची चूक असते.

खोक्यावरचं नाव वाचून डिस्क घेणं

खोक्यावर एक कंपनी आणि आतली डिस्क दुसऱ्याच कारखान्यातली, हा या धंद्याचा जुना रिवाज. खरा उत्पादक डिस्कमध्ये आधीच कोरलेल्या कोडवरून कळतो. कोरी डिस्क आत घालून 'इमगबर्न' हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, उजवीकडच्या माहितीत तो कोड दिसतो. नकली मालावर हा कोडही नकली असू शकतो, म्हणून फार स्वस्त सुट्टा माल नकोच.

दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेल्या ब्रँडवर आज विसंबू नका. डिस्क बनवणाऱ्या जपानच्या तैयो युदेनने या धंद्यातून अंग काढून घेतलं. व्हर्बाटिम मित्सुबिशी केमिकलकडून २०१९ मध्ये तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेली. आपली ग्रेटर नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क (डीव्हीडीपेक्षा जास्त डेटा मावणाऱ्या) बनवणं थांबवलं. म्हणजे व्हर्बाटिम सोडून या जुन्या नावांचा जो माल अजून दुकानात दिसतो, तो शिल्लक साठा असण्याची शक्यता मोठी. कोरी डिस्कही पडून पडून जुनी होते. लेझर ज्यावर लिहितो तो तिच्यातला सेंद्रिय रंगाचा थर लिहिण्याआधीच उतरणीला लागलेला असतो. स्वस्त मिळाली म्हणून पन्नासचा डबा भरून ठेवू नका, लागतील तेवढ्याच घ्या.

नेहमीच्या डीव्हीडी-आरमध्ये हा सेंद्रिय रंगच असतो. ब्लू-रे डिस्कमध्ये मात्र बहुधा धातूजन्य, असेंद्रिय थर असतो आणि तो जास्त टिकाऊ. अपवाद 'एलटीएच' लिहिलेल्या स्वस्त ब्लू-रेंचा: त्यांत पुन्हा सेंद्रिय रंगच येतो, त्या साठवणीसाठी घेऊ नयेत. खास दीर्घ साठवणीसाठी काढलेल्या एम-डिस्कचा थर दगडासारखा असल्याचं आणि ती हजार वर्षं टिकत असल्याचं कंपनी सांगायची. ती मूळ कंपनी, मिलेनियाटा, स्वतः २०१६ पर्यंतच टिकली. डिस्क चांगलीच आहे, पण एम-डिस्कची डीव्हीडी लिहायला तिची खूण असलेला रायटर लागतो. ब्लू-रे एम-डिस्क बहुतेक ब्लू-रे रायटरवर लिहिली जाते.

आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, डिस्क साठवणीसाठी अजिबात नको. पुसता येणं हाच तिचा दोष.

पातळ रायटर आणि अपुरी वीज

लॅपटॉपला लावायचा पातळ यूएसबी रायटर मधेच लिहिणं थांबवतो, किंवा शेवटच्या दहा-वीस टक्क्यांत एरर देतो. लोक डिस्कला शिव्या घालतात. पण यूएसबी २.० च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअरची अपेक्षा धरता येते, ३.० कडून ९००. आणि लेझर व मोटर दोन्ही जोरात चालू असताना रायटरला ५०० पुरत नाहीत. आधी हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) काढा. रायटरसोबत आलेली आखूड केबलच वापरा, लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं. डेस्कटॉप असेल तर पुढचा पोर्ट सोडून मागचा घ्या. दोन तोंडांची केबल मिळाली असेल तर दोन्ही तोंडं लावा. एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात असा माझा अंदाज आहे.

नियमित साठवण करायची असेल, विशेषतः ब्लू-रेवर, तर डेस्कटॉपमध्ये बसणारा पूर्ण आकाराचा रायटर किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला बाहेरचा रायटर घ्या. पातळ रायटर वाचायला ठीक असतात.

'पॉवर कॅलिब्रेशन एरर' हा वेगळा प्रकार. लिहिण्याआधी लेझर डिस्कच्या आतल्या कडेला थोडं लिहून स्वतःची ताकद ठरवतो. ती जमली नाही की हा संदेश येतो. पहिल्यांदा दुसऱ्या उत्पादकाची डिस्क घालून बघा. ती चालली तर रायटरला पहिल्या डिस्कची ओळख नाही, रायटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं (फर्मवेअरचं) अपडेट मिळतं का पाहा. कुठलीच चालत नसेल तर लेन्सवर धूळ आहे किंवा लेझर थकला आहे. जुना रायटर असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता नवा घ्या.

वेगाचा हव्यास, आणि उलटा हव्यासही

१६एक्स हा कमाल वेग छापलेली डीव्हीडी ८एक्सला लिहावी. पण 'जितकं हळू तितकं पक्कं' हेही खरं नाही. आजच्या डिस्कचा थर जास्त वेगासाठी बनवलेला असतो, आणि काही डिस्क २एक्सला उलट वाईट लिहिल्या जातात.

डिस्क काठोकाठही भरू नका. बाहेरच्या कडेला दोष जास्त असतात, बोटंही तिथेच लागतात. ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३७ जीबी दिसते. चारवर थांबलात तर बरं. उरलेल्या जागेत 'डीव्हीडिझास्टर'ने दुरुस्तीचा डेटा लिहिता येतो, म्हणजे उद्या काही भाग वाचला गेला नाही तरी तो पुन्हा उभा करता येतो.

'सक्सेसफुल' वाचून डिस्क कपाटात

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लिहिणं पूर्ण झाल्याचा संदेश एवढंच सांगतो की लेझरने डिस्कच्या शेवटापर्यंत काम केलं. लिहिलेलं वाचता येतं का, हे त्याला माहीत नसतं. म्हणून 'व्हेरिफाय'ची खूण कधीही काढू नका, वेळ दुप्पट लागला तरी. त्यानंतर तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून सगळ्या फायली संगणकावर कॉपी करून पाहा. रायटरची स्वतःची लेन्स जरा वाकडी असेल तर त्याने लिहिलेलं त्यालाच वाचता येतं, शेजाऱ्याच्या संगणकाला नाही.

खरी तपासणी हवी तर 'ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल'सारख्या सॉफ्टवेअरने एररचं प्रमाण मोजा. डीव्हीडीत सलग आठ ब्लॉकमध्ये पीआय एरर (वाचताना सापडणाऱ्या बारीक चुका) २८० च्या आत असाव्यात. चांगली डिस्क याच्या खूप खाली असते. सगळे ड्राइव्ह हे मोजून देत नाहीत, लाइट-ऑन कंपनीचे जुने ड्राइव्ह त्यासाठी नावाजलेले. दरवर्षी एकदा तीच डिस्क मोजली आणि आकडा चढताना दिसला, तर ती बंद पडण्याआधीच नवी प्रत करता येते. फायलींची एसएचए-२५६ यादी (प्रत्येक फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) त्याच डिस्कवर ठेवली की कुठली फाइल बिघडली हेही कळतं.

मराठी नावं आणि मराठी फॉन्ट

यावर फारसं कोणी बोलत नाही. जोलिएट या फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीने लिहिलेल्या डिस्कवर फाइलच्या नावाला ६४ अक्षरांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत प्रत्येक मात्रा, हलन्त, अनुस्वार वेगळा मोजला जातो. 'श्री' हे एक अक्षर तिथे चार होतं. लांब नावं कापली जातात, आणि सारख्या सुरुवातीच्या फायली ओळखू येईनाशा होतात. डिस्क यूडीएफ या दुसऱ्या पद्धतीत लिहा. मोठी व्हिडिओ फाइलही त्यात सुरळीत बसते.

दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल जुन्या पेजमेकरमध्ये श्रीलिपीच्या (युनिकोड नसलेल्या) फॉन्टवर केलेले असतील, तर फक्त ती फाइल डिस्कवर टाकून उपयोग नाही. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती गिचमिड दिसेल. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ शेजारी ठेवा, आणि जमलं तर युनिकोडमधला मजकूरही.

ठेवण्यातल्या चुका

सीडीचा डेटा चकचकीत बाजूला आहे असं वाटतं, पण तो छापील बाजूच्या लगेच खाली असतो. चकचकीत बाजूला जाड प्लॅस्टिक आहे. म्हणून सीडीवर बॉलपेनने लिहिणं म्हणजे डेटावर ओरखडा. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर वापरा, तोही मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकट कागदी लेबल नको, डिस्क फिरताना तोल जातो. कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमट हवा. प्लॅस्टिकच्या पाकिटांच्या अल्बमपेक्षा कडक केस बरी. ती उभी, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

डिस्क आधीच वाचत नसेल तर टूथपेस्टचे प्रयोग करू नका. मऊ ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. मग दोन-तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' एका ड्राइव्हने जे वाचलं त्याची नोंद ठेवतं आणि उरलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हने वाचून त्याच इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीच्या फाइलमध्ये, भरतं.