ग्लूट-१ कमतरता : पाठीतल्या पाण्याची तपासणी बिनचूक कशी करून घ्यावी

ग्लूट-१ कमतरता या जनुकीय आजारात रक्तातील साखर मेंदूत पोहोचवणारे प्रथिन अपुरे पडते. त्यामुळे रक्तात साखर पुरेशी असूनही मेंदू उपाशी राहतो, आणि तान्ह्या वयात झटके येणे, पुढे चालताना तोल जाणे, विकास मंदावणे अशी लक्षणे दिसतात. पुष्कळदा ती उपाशीपोटी बळावतात आणि खाऊ घातल्यावर उतरतात. बहुतेक मुलांत जनुकातील हा बदल नव्यानेच उद्भवलेला असतो, म्हणून घराण्यात कोणालाच असे नाही एवढ्यावरून शंका सोडून देऊ नये.

बालमेंदूविकारतज्ज्ञ डी व्हिवो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हा आजार प्रथम नोंदवला, तो पाठीच्या कण्यातील द्रवात, म्हणजेच पाठीतल्या पाण्यात, साखर कमी आढळल्यावरून. आजही निदानाची सुरुवात तिथूनच होते. पाणी काढले तर मूल अधू होईल, ही भीती अनेक घरांत खोलवर बसलेली आहे आणि ती समजण्यासारखीही आहे; मात्र सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये घातली जाते आणि काढलेला थोडासा द्रव शरीर पुन्हा तयार करते.

तपासणीपूर्वी मुलाला ४ ते ६ तास उपाशी ठेवावे लागते. हा उपवास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा, कारण याच काळात झटका येऊ शकतो. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची : रक्त आधी घ्यावे, पाणी नंतर काढावे. सुईच्या धास्तीने मूल रडू लागले की रक्तातील साखर काही मिनिटांत चढते, द्रवातील साखर मात्र मागे राहते. समजा, निरोगी मुलाच्या द्रवात ५८ आणि रक्तात ८५ मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) साखर आहे, म्हणजे द्रवातील साखरेचे रक्तातील साखरेशी गुणोत्तर ०.६८ आले. तेच रक्त रडारडीनंतर घेतले आणि साखर १३० भरली, तर गुणोत्तर ०.४५ वर घसरते आणि नसलेल्या आजाराचा संशय उभा राहतो. साखरेचा नमुना फ्लोराइडच्या (नमुन्यातील साखर घटू न देणाऱ्या) नळीत घेऊन लगेच प्रयोगशाळेत पाठवावा. दोन्ही नमुन्यांच्या वेळा लिहून ठेवण्याची विनंती पालकांनी नि:संकोच करावी.

या आजारात द्रवातील साखर बहुतेकदा ४० मिलिग्रॅमच्या खाली असते, सौम्य प्रकारात ती ४० ते ६० च्या दरम्यानही सापडते. मेंदूज्वरातही साखर घटते. म्हणून त्याच द्रवातील पेशी, प्रथिने आणि लॅक्टेट (साखर वापरताना बनणारा पदार्थ) पाहावेच लागते. जिवाणूंच्या मेंदूज्वरात लॅक्टेट वाढते, ग्लूट-१ कमतरतेत ते सामान्य किंवा कमी असते.

पुढची पायरी एसएलसी२ए१ या जनुकाच्या तपासणीची. काही मुलांत तिचा अहवाल निर्दोष येतो, तरीही लक्षणे आणि द्रवातील आकडे जुळत असतील तर मेंदूला साखरेऐवजी चरबीपासून बनणाऱ्या कीटोनचे इंधन पुरवणारा कीटोजेनिक आहार सुरू करण्याविषयी बालमेंदूविकारतज्ज्ञांशी बोलावे. मूल फेनोबार्बिटल किंवा व्हॅल्प्रोएट ही झटक्यांवरची औषधे घेत असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगावे, कारण ही औषधे याच प्रथिनाच्या कामात अडथळा आणू शकतात. परंतु ती स्वतःहून कधीही बंद करू नयेत.