दोन एअरपोर्टमधलं अंतर आणि वेळ काढताय? या चुका टाळा

एअरपोर्टच्या अक्षांश-रेखांशावरून अंतर काढायची एक्सेल शीट असते, त्यात अंतर चुकतंय म्हणून कोणी ती पाठवली की मी फॉर्म्युल्याकडे नंतर बघतो, आधी रेखांशाचा कॉलम उघडतो. पश्चिम रेखांशाला मायनस लागतो आणि नेमका तोच गायब असतो.

मागे एकाने अशीच शीट दिली होती. डेटा साफ करताना सगळे डॅश उडवले, त्यात मायनसही गेले. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके ५,५४० किमी, बरोबर. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ३,९७० च्या आसपास, तेही बरोबर, म्हणून गडी निर्धास्त. आणि टोकियो नारिता ते न्यूयॉर्क ५,७००! खरं अंतर १०,८०० च्या वर आहे. मी दोन तास फॉर्म्युला सोलत बसलो, शेवटी जेएफकेचे आकडे नकाशात टाकले, ४०.६४ आणि ७३.७८, तर टाचणी किर्गिझस्तानात. आधीच्या दोन जोड्या पास झाल्या कारण ते तिन्ही एअरपोर्ट शून्य रेखांशाच्या पश्चिमेला आहेत, सगळ्यांचाच मायनस गेला की आपसातला फरक तेवढाच राहतो ना. तेव्हापासून टेस्टला एक जोडी पूर्व-पश्चिम घेतल्याशिवाय मी कुठलीच शीट पुढे जाऊ देत नाही. दोन उत्तरं जुळली की 'झालं' म्हणून मोकळं व्हायची घाई नवीन लोकांना फार असते, ती मला पटत नाही.

बाकीचं पटकन. अंश थेट साइन-कोसाइनला देऊ नका, आधी रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करा. नॉटिकल मैल १.८५२ किमी, साधा मैल १.६०९, कुठला आहे ते बघूनच गुणा. नुसतं 'सॅन होजे' लिहू नका, एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड लिहा, एसजेसी कॅलिफोर्नियात आहे आणि एसजेओ कोस्टा रिकात. सपाट नकाशावर फूटपट्टी तर लावूच नका, ग्लोबवर दोरा ताणून बघा, जवळचा रस्ता किती उत्तरेकडून जातो ते लगेच दिसतं.

आता वेळ. अंतर भागिले ९०० (विमानाचा ताशी किमी वेग धरून) हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. हीथ्रो-जेएफके त्याने सव्वासहा तासाच्या आत येतं, पण वेळापत्रकात जाताना साधारण आठ तास आणि येताना सात असतात. वरचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, जाताना तो समोरून येतो, आणि छापलेली वेळ गेट ते गेट असते, म्हणजे रनवेपर्यंत विमान जमिनीवरून नेणं (टॅक्सीइंग), रांग सगळं त्यात धरलेलं असतं.

आणि रात्री आठला निघून सकाळी आठला पोचलं म्हणजे बारा तास नव्हे हो, ती दोन शहरांची लोकल घड्याळं आहेत. दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये (जगभराची एकच प्रमाण वेळ) करा, मगच वजाबाकी. फरक पाठ करूनही भागत नाही. न्यूयॉर्क-लंडनमध्ये एरवी पाच तास, पण अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दिवस तो चारच असतो. मार्चची तारीख दिसली की मी फरक त्या तारखेचाच काढतो.