टायमर की टायमर्स: लिनक्सला एसटीएम३२चा टायमर सांगताना

पिशवी कापायची होती १५० मिलिमीटरची, मशीन कापत होतं ३००ची. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्या नमकीनच्या कारखान्यात ऑपरेटरनं ती माझ्यासमोर उलगडून धरली आणि म्हणाला, “दीदी, ये तो सेव की चादर निकल रही है.” चूक माझीच होती. तीही प्रोग्रॅममध्ये नव्हे, डिव्हाइस ट्रीत, म्हणजे कुठलं हार्डवेअर कुठे आहे ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलींत. तिच्याकडे येतेच, पण आधी टायमर लिहायचा कसा ते बघू.

यूएसबीला लावलेली वस्तू स्वतःची ओळख स्वतः देते. चिपच्या पोटातला टायमर गप्प बसून असतो. तो कुठल्या पत्त्यावर आहे, त्याला क्लॉक (ठरावीक वेगाचे ठोके) कुठून येतं, हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आपणच लिहून द्यायचं. माझा बोर्ड एसटीएम३२एफ४२९ या मायक्रोकंट्रोलर चिपचा. फिल्म ओढणाऱ्या स्टेपर मोटरला (दर पल्सला एक पाऊल फिरते ती) पल्स द्यायला चिपमधला टिम३ हा टायमर घेतलेला. (८ एमबी रॅममध्ये लिनक्स बसवणं म्हणजे राजवाड्याच्या गल्लीत ट्रक वळवणं. वळतो, पण घाम काढतो.)

पहिला निर्णय कम्पॅटिबलचा, म्हणजे कर्नलमधला कुठला ड्रायव्हर लागेल ते ठरवणाऱ्या ओळीचा, आणि इथे एका अक्षरावर सगळं अडतं. ‘एसटी, एसटीएम३२-टायमर’ असं एकवचनी लिहिलंत, तर कर्नल तो टायमर स्वतःच्या घड्याळासाठी घेतो. मग त्याला इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, द्यावाच लागतो. टिम५चा ५० नंबर, टिम२चा २८. ‘टायमर्स’ असं अनेकवचनी लिहिलंत, तर तोच टायमर पालक नोड (ट्रीतली वरची नोंद) होतो आणि पीडब्ल्यूएम (पल्स काढणारा भाग), ट्रिगर (इतर भागांना इशारा देणारा) ही त्याची पोरं. हार्डवेअर तेच, भूमिका वेगळी. माझा भाचा एकदा हा शेवटचा ‘एस’ विसरला. पीडब्ल्यूएम काही येईना, आणि तो दोन दिवस महाराणी रोडवरून मोटर ड्रायव्हर बदलून आणत राहिला.

पालक नोडमध्ये थोडंच लागतं. रेग: टिम३चा पत्ता हेक्समध्ये ४००००४००, लांबी हेक्समध्ये ४००. क्लॉक: आरसीसीकडे, म्हणजे चिपमध्ये क्लॉक वाटणाऱ्या भागाकडे, बोट दाखवणारा संदर्भ. क्लॉकचं नाव ‘इंट’. पोरांपैकी ट्रिगरचा नंबर शून्यापासून मोजतात, म्हणून टिम३च्या ट्रिगरचा रेग २. पीडब्ल्यूएमचे सेल (द्यायचे आकडे) तीन: चॅनल, पिरियड नॅनोसेकंदांत, आणि पोलॅरिटीचा (पल्स सुलटी की उलटी) झेंडा. चॅनलही शून्यापासून; डेटाशीटमधला चॅनल १ इथे ०.

हे सगळं चिपच्या फाइलमध्ये, स्टेटस ‘डिसेबल्ड’ ठेवून. बोर्डावर कुठली तार कुठे गेली ते बोर्डाच्या फाइलमध्ये. माझ्याकडे पल्स पीसी६ पिनवर, अल्टर्नेट फंक्शन (पिनचं पर्यायी काम) २. ही पिनची जोडणी पीडब्ल्यूएमच्या नोडला द्या, पालकाला नाही. आणि स्टेटस दोघांचंही ‘ओके’ करा. फक्त पालक चालू केला, तर कर्नल कुरकुरही करत नाही, आणि पीडब्ल्यूएमही दिसत नाही.

टायमर १६ बिटी की ३२ बिटी, हे कुठे लिहायचं? कुठेच नाही. कर्नलमधला ड्रायव्हर ऑटो-रिलोड रजिस्टरमध्ये (टायमरनं कुठवर मोजायचं तो आकडा इथे असतो) सगळे एक भरतो आणि परत वाचतो. जितके बिट खरे आहेत तितकेच टिकतात. टिम३चे १६ टिकतील, टिम२ आणि टिम५चे ३२. चॅनल किती, उलटं आउटपुट आहे की नाही, हेही तो असंच चाचपून बघतो. जे कर्नल हार्डवेअरलाच विचारू शकतं, ते ट्रीत लिहू नये. लिहिलं की खोटं ठरायची एक जागा वाढते. एक किलोहर्ट्झची पल्स हवी, हीसुद्धा माझी इच्छा झाली, हार्डवेअरचं वर्णन नव्हे. पालक नोडमध्ये तिला जागा नाही.

आता पिशवी. आरसीसीचा संदर्भ लिहायचा कंटाळा आला, म्हणून मी फिक्स्ड-क्लॉकचा (वेग सरळ आकड्यात लिहायचा) नोड केला आणि त्यात ४५ मेगाहर्ट्झ टाकले. कोअर १८०वर असताना टिम३ची एपीबी१ बस ४५वर चालते, हे खरंच आहे. पण या चिपमध्ये बसचा प्रीस्केलर (वेगाला भागणारा आकडा) १ नसेल, तर टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक मिळतं. म्हणजे टिम३ला ९०. कर्नल ४५ धरून पल्सचा हिशोब करत होतं, टायमर दुप्पट वेगानं धावत होता. एकाच्या जागी दोन किलोहर्ट्झ. रोल ओढायचा वेळ सॉफ्टवेअरमध्ये ठरलेला, त्यामुळे तेवढ्याच वेळात दुप्पट फिल्म बाहेर.

खरं तर टायमर चालायलाच नको होता. आरसीसीकडे कोणी मागितलं नाही, तर कर्नल बूटच्या शेवटी ते क्लॉक बंद करतं. पण बूटलोडरनं (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) टिम३च्या क्लॉकचा गेट उघडून ठेवला होता, आणि न वापरलेली क्लॉक बंद करू नकोस असा पर्याय मीच कधीतरी डीबगिंगसाठी बूटच्या ओळीत घालून विसरले होते. एका चुकीनं दुसरीला पदराखाली घेतलं.

त्यामुळे बोर्ड हातात आला की मी तीन गोष्टी बघते. बिल्ड करताना डीटीबीएस-चेक. साधा डीटीसी (डिव्हाइस ट्रीचा कम्पायलर) मुख्यतः व्याकरण तपासतो, डीटीबीएस-चेक नोडचा मजकूर स्कीमाशी (नोडच्या लिखित नियमांशी) ताडून बघतो. मग डीबगएफएसमधलं (कर्नलच्या तपासणीच्या फाइलींमधलं) क्लॉक-समरी, म्हणजे क्लॉकची यादी. शेवटी पिनवर ऑसिलोस्कोप, कारण पहिले दोन्ही माझंच लिहिलेलं मला वाचून दाखवतात.

त्या रात्री संदर्भ आरसीसीकडे वळवला आणि बूटच्या ओळीतला पर्याय काढला. क्लॉक-समरीत टिम३समोर ९००००००० आलं, स्कोपवर एक किलोहर्ट्झ. ऑपरेटरनं पहिली पिशवी पट्टीवर ठेवली आणि काही न बोलता हॉपरमध्ये सेव ओतायला गेला.