अंगणात रेघोट्या ओढायला घरचे जाड खडू

फळ्यावरचा खडू सिमेंटच्या अंगणात टिकत नाही. दोन घरं आखेपर्यंत त्याचे तुकडे होतात. अंगणाला जाड खडू लागतो, मुलाच्या मुठीत बसेल असा. तो घरी करायला प्लास्टर ऑफ पॅरिस, पाणी आणि रंग पुरे. गोव्याच्या दमट हवेत तो बिघडतो मुख्यतः दोन कारणांनी: पाण्याचं माप चुकतं, नाहीतर वाळवायची घाई होते.

हार्डवेअरच्या दुकानात ‘पीओपी’ मागा, एक किलो भरपूर झालं. वॉल पुट्टी आणि पांढरं सिमेंट दिसायला तसंच असतं, पण त्यातून खडू होत नाही आणि त्वचेलाही ते त्रासदायक. चुना तर मुलांच्या आसपासही नको, डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं प्लास्टर हवेतली ओल ओढून आधीच अर्धंमुर्धं मुरलेलं असतं. शंका असेल तर बाटलीच्या झाकणात चमचाभर कालवून ठेवा. अर्ध्या तासात नखाने खरवडावं लागेल इतकं घट्ट झालं नाही, तर ते पाकीट बाद.

साचे आधी तयार ठेवा, कारण एकदा कालवल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. टॉयलेट पेपरची पुठ्ठ्याची नळी सगळ्यात सोयीची. एक तोंड सेलोटेपने दोन-तीन थर देऊन बंद करा आणि आत बटर पेपर गुंडाळून सरकवा. तो नसेल तर ओला पुठ्ठा खडूला असा चिकटतो की सोलताना नखं दुखतात. बारीक खडू हवे असतील तर वायरिंगच्या 25 मिमी पाइपचे 10 सेमीचे तुकडे घ्या, ते मोठ्यांनी लांबीत चिरून वरून टेप लावावा. नळ्या ताटात उभ्या करून ठेवा.

माप

200 ग्रॅम प्लास्टर, 140 मिली पाणी, 2 चमचे पोस्टर कलर. एवढ्यात पुठ्ठ्याच्या नळीचे दोन जाड किंवा पाइपचे पाच-सहा खडू होतात. तराजू नसेल तर 3 वाट्या प्लास्टरला रंगासकट 2 वाट्या पाणी, वाटी एकच. पाणी कमी पडलं तर खडू दगडासारखा होतो, जमीन खरवडतो पण उमटत नाही. जास्त झालं तर हातातच भुगा होतो.

पोस्टर कलर नसेल तर 2 चमचे पाणी वाढवा आणि कोरडा रंग वापरा. गेरू उत्तम. गोव्यात आणखी एक फुकटचा रंग आहे: अंगणाच्या कडेची तांबडी माती. ती सुकवून पातळ कपड्यातून गाळा, चमचाभर पुरते. हळदीचा पिवळा छान येतो, पण उन्हात लवकर उडतो आणि नव्या सिमेंटवर त्याची रेघ लालसर होते. हळद आणि चुन्यातून कुंकू होतं, त्यातलाच प्रकार. बीट किंवा भिरंडांचा (कोकमाच्या फळांचा) रस मात्र नको. आंबट-गोड रसाने प्लास्टर घट्ट व्हायला वेळ लागतो आणि वर बुरशी येते.

कालवणे आणि ओतणे

प्लास्टर मोजताना उडणारी भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून हे काम मोठ्यांनी मास्क लावून, मुलं दूर असताना करावं. मुलांनी पाण्यात रंग कालवावा. मग त्या पाण्यात प्लास्टर भुरभुरत सोडा. प्लास्टरवर पाणी ओतलं की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. मिनिटभर न हलवता मुरू द्या, नंतर मिनिटभर सावकाश ढवळा. घोटू नका, बुडबुडे धरतात आणि खडू तिथेच मोडतो. डोशाच्या पिठाइतकं झालं की ओता. नळी ताटावर हलकेच आपटून हवा बाहेर काढणं हे मुलांचं आवडतं काम, तेवढं त्यांच्यावर सोपवा.

भांड्यात उरलेलं घट्ट होऊ लागलं तर वर पाणी घालून सैल करू नका. तसा खडू घडतच नाही.

थोड्या वेळाने नळी गरम लागेल. प्लास्टर पाणी धरताना उष्णता सोडतं. म्हणूनच ओल्या प्लास्टरमध्ये हाताचा ठसा घ्यायचा हट्ट पुरवू नये. जाड थरात हात अडकून भाजू शकतो.

वाळवणे

तासाभराने, खडू गार झाल्यावर पुठ्ठा सोला. खडू तेव्हा घट्ट वाटतो, पण आतून ओलाच असतो. जाळीवर पंख्याखाली ठेवून दिवसातून एकदा फिरवा. डिसेंबरात तीन-चार दिवस पुरतात, चवथीच्या सुट्टीत आठवडाही लागतो. ओव्हनमध्ये ठेवू नका, जास्त उष्णतेने प्लास्टरने धरलेलं पाणीही निघून जातं आणि खडू ठिसूळ होतो. वाळला का ते गालाला लावून बघा: गार लागला तर ओला. तराजू असेल तर आणखी सोपं. वरच्या मापाचे सगळे खडू मिळून वजन सुमारे 240 ग्रॅमपर्यंत उतरलं आणि तिथेच थांबलं, म्हणजे झालं.

वाळलेला खडू पहिल्या रेघेला उमटला नाही तर तो बिघडला असं नाही. वर कडक साय येते, ती खडबडीत दगडावर घासून काढा. खडू सिमेंटवर आणि डांबरावर छान चालतो. गुळगुळीत लादीवर घसरतो, आणि चिऱ्यांच्या भोकांत रंग बसला की निघता निघत नाही.

भांडी सिंकमध्ये धुऊ नका, पाइपात प्लास्टर बसतं. बादलीत धुवा, गाळ खाली बसला की वरचं पाणी झाडांना घाला आणि गाळ वाळवून कचऱ्यात टाका. व्हाळात किंवा विहिरीजवळ तर अजिबात नको. पीओपीच्या गणेशमूर्तींवर गोव्यात बंदी आहे ती पाणी बिघडण्याच्या याच भीतीने.